हंगाम वजा जाता

चंद्रपूरच्या एका कॉलेजात मी २६ वर्षं अर्थशास्त्र शिकवतोय. मागणी आणि पुरवठ्याच्या रेघा मी फळ्यावर इतक्या वेळा छेदल्या आहेत, की झोपेतही माझा हात हवेत फुली मारतो असं आमच्या घरी सांगतात. पण मोहफुलं काय भावाने जातात, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही, हेही ठाऊक नव्हतं. ते कळायला एक वर्ष, चार अहवाल, एक छत्री आणि बुटांचा एक जोड खर्ची पडला.

झालं असं, की नागपूरच्या एका व्यापारी नियतकालिकाला विदर्भातल्या भागाभागाचा तिमाही आर्थिक आढावा छापायची हुक्की आली. संपादकांचा फोन आला, "सर, चंद्रपूर-गडचिरोली तुमच्याकडे. दर तीन महिन्यांनी चार पानं, दोन आलेख, एक निष्कर्ष." मी म्हटलं, "अहो, जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचन सरकारसुद्धा वर्षातून एकदाच काढतं. तिमाहीचे आकडे मी आणू कुठून?" ते म्हणाले, "म्हणून तर तुम्ही हवेत. फिरा, लोकांशी बोला, अर्थव्यवस्थेची नाडी बघा."

नाडी हा शब्द ऐकला आणि माझ्यातला वैद्य उठून बसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फक्त इथे हात दुसऱ्याचा होता आणि अवलक्षण माझं.

पहिली तिमाही जुलै ते सप्टेंबर २०२४ ची. सुरुवात घरापासून करावी म्हणून मी चंद्रपूर शहरासाठी चार निर्देशक ठरवले. वीज केंद्राच्या चिमण्यांचा धूर, कोळशाचे ट्रक, सिमेंटची उचल आणि ताडोब्याला जाणाऱ्या जिप्सी. आठवड्याभरात चारही निर्देशक आडवे झाले. पावसाळ्यात उघड्या खाणींत पाणी भरतं, कोळसा कमी निघतो. बांधकामं थांबतात, सिमेंट पडून राहतं. कूलर माळ्यावर जातात, २९२० मेगावॉटच्या केंद्राकडे विजेचा तगादा कमी होतो. आणि ताडोब्याचा गाभा तर १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत बंदच असतो. त्या काळात गाभ्यातला वाघ पर्यटकांना भेटत नाही. मी वहीत ठळक अक्षरांत 'मंदी' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

तरी शास्त्र म्हणून दुर्गापूर रस्त्यावर एका टपरीशेजारी छत्री धरून कोळशाचे ट्रक मोजायला उभा राहिलो. पहिल्या दहा मिनिटांत अकरा ट्रक गेले. मग सहा. मग दोन. मग नुसता पाऊस. मंदी डोळ्यांदेखत उतरत होती. मी थरथरत्या हाताने वेळेची नोंद करत होतो, तेवढ्यात टपरीवाला चहा गाळता गाळता म्हणाला,

"सर, तुमी वही घेऊन उभे रायल्यापासून गाड्या मागच्या रस्त्यानं जाऊन रायल्या. काही चेकिंग होय काय?"

"नाही हो. मी अर्थव्यवस्था मोजतोय."

"मंग घरी जा जी. तुमी गेले का मंदी जाते."

मी चहा घेतला, पैसे दिले आणि मंदी सोबत घेऊन घरी आलो. छत्री टपरीवरच राहिली.

ऑगस्टच्या मध्यात सरकारी योजनेतल्या लाडक्या बहिणींच्या खात्यात तीन-तीन हजार रुपये पडले. राखीच्या आधी बँकेसमोरची रांग रस्त्यावर आली, साड्यांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा राहिली नाही. बायको म्हणाली, "तुमची ती मंदी बघून घ्या, गर्दीत चेंगरेल." मी मंदीखालची एक रेघ खोडली. एक ठेवली.

आता गडचिरोली. मूल, सावली, व्याहाड करत एसटी वैनगंगेच्या पुलावर येते आणि पुलाच्या पलीकडे जिल्हा बदलतो. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत तो बदलत नव्हता. त्या दिवशी वाटणी झाली. चिमण्या, खाणी आणि सिमेंट अलीकडच्या भावाला मिळालं, पलीकडच्याच्या वाट्याला अंगणभर जंगल आलं. जिल्ह्याचा जवळपास तीन चतुर्थांश भाग जंगल. संपादकांनी नागपूरहून धाडलेल्या अहवालाच्या फॉर्मात 'औद्योगिक उत्पादन' या सदराला अर्धं पान होतं आणि जंगलाला 'इतर' मध्ये एक ओळ.

धानोरा तालुक्यातल्या एका गावात माझा जुना विद्यार्थी शाळामास्तर आहे. तो मला थेट बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतावर, घेऊन गेला. रोवणी चालू होती. पंधरा-वीस बाया चिखलात वाकून धान रोवत होत्या. मी धुऱ्यावर उभा. इस्त्रीची पँट, काळी बॅग, हातात प्रश्नांचे छापील फॉर्म. बघता बघता निम्म्या बाया पळसाच्या झुडपाआड गेल्या.

"सर, तुमाले फायनान्सच्या वसुलीवाले समजल्या," विद्यार्थी म्हणाला.

"अहो, मी वसुलीवाला नाही, सर्वेवाला आहे," मी ओरडून सांगितलं.

निम्म्या बाया परत आल्या आणि सगळ्यांनी मिळून घरकुलाच्या यादीत नाव कधी येणार ते विचारलं. यादी माझ्याकडे नाही म्हटल्यावर त्यांचा माझ्यातला रस संपला. फक्त एक मावशी, साधारण चाळिशीची, हातातली पेंडी न सोडता म्हणाली, "विचारा जी, काय विचारता ते. हात चालू राहू द्याल ना?"

मी पहिला प्रश्न वाचला. "मागच्या तिमाहीच्या तुलनेत तुमची परिस्थिती सुधारली, बिघडली की तशीच आहे?"

"बिघडली. तिमाहीत माहा पोट्टा गणितात नापास झाला."

मी 'बिघडली' वर खूण केली. दुसरा प्रश्न होता, "पुढच्या तीन महिन्यांत एखादी टिकाऊ वस्तू घेण्याचा विचार आहे का?"

"टिकाऊ म्हंजे? सागाची?"

"म्हणजे फ्रीज, गाडी, टीव्ही असं."

"ते टिकते काय?"

तिसरा प्रश्न माझा स्वतःचा होता. देशभरच्या रोजगार पाहणीत असतो तसा तोलूनमापून घातलेला. गेल्या सात दिवसांत एखाद्या दिवशी किमान एक तास काम केलं, तर माणूस रोजगारात धरतात. वर्गात ही व्याख्या मी दरवर्षी मोठ्या अदबीने सांगतो. त्याच अदबीने विचारलं, "मावशी, गेल्या सात दिवसांत तुम्ही किमान एक तास तरी काम केलं का?"

बांधीतले सगळे हात थांबले. मावशी सरळ झाली, कमरेवर हात ठेवून माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, "एक तास?" आणि हसायला लागली. तिच्या शेजारची हसली. मग अख्खी रांग हसत सुटली. हसता हसता मावशीने विचारलं, "अन् तुमी, सायेब? तुमी केलं काय?"

प्रश्नकर्त्याला उलट प्रश्न करायचा नसतो, असं पाहणीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ते तिला समजावून सांगायला मी एक पाऊल पुढे टाकलं आणि धुरा संपला. बांधीचा चिखल वरून दिसतो त्यापेक्षा खोल असतो, एवढं एक निरीक्षण मी खात्रीने नोंदवू शकतो. उजवा बूट त्या दिवशी गडचिरोली जिल्ह्याच्या स्थावर मालमत्तेत जमा झाला. सोळापैकी तेरा फॉर्म बांधीतच रोवले गेले. उगवले नाहीत, इतकंच.

मावशीच्या सासूने, म्हणजे गावच्या आजीने, पाय धुवायला पाणी दिलं, कोरा चहा दिला आणि निघताना पायलीभर वाळलेली मोहफुलं. "भाजून खा जी. लाडू करा. पावसाळ्यात घरात काई नसलं तर आमी हेच खातो." उन्हाळ्यात वेचलेला मोह पावसाळ्यातल्या कोरड्या दिवसांसाठी ठेवायचा, म्हणजे बचत, आणि पाहुण्याला त्यातूनच द्यायचा, म्हणजे काय ते माझ्या पुस्तकात नाही. मी पाकीट काढलं तर म्हातारी रागावली.

येताना पाऊस लागला. बॅग भिजली. घरी आल्यावर ती बूटविरहावस्थेत कोपऱ्यात फेकली आणि तिसऱ्या दिवशी तशीच उचलून कॉलेजात गेलो. मोहफूल ओलं झालं की ते आंबायला कोणाच्या सांगण्याची वाट बघत नाही. स्टाफरूममध्ये बॅगेची चेन उघडली आणि सहकाऱ्यांचं संभाषण थांबलं. प्राचार्य दारातून आत आले, दीर्घ श्वास घेतला आणि हळू आवाजात म्हणाले, "सर, गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. आपल्याकडची २०१५ ला आली, २०२१ ला उठली, हे खरं. पण कॉलेजातली अजून उठलेली नाही."

पहिला अहवाल गेला. मंदीखाली एक रेघ, वर मोहाचा वास.

दुसरी तिमाही बायकोने ताब्यात घेतली. ती ब्रह्मपुरीची. तिचं म्हणणं असं, की झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या या जंगलपट्ट्याची, आर्थिक परिस्थिती बघायची तर ट्रक आणि वॅगनी मोजणं हा बावळटपणा. वडशाला जा आणि नाटकं किती बुक झाली ते विचारा. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते आणि मंडईच्या रात्री नाटक लागतं. होळीपर्यंत ही धूम असते. वडसा, म्हणजे देसाईगंज, ही या रंगभूमीची पेठ. तिथे कंपन्यांची कार्यालयं, रंगवलेले फलक, मुंबई-पुण्याहून बोलावलेले कलावंत आणि तारखांसाठी भांडणारी गावोगावची मंडळं. २०२३ मध्ये याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा बायकोने मला पेढा देत विचारलं होतं, "तुमच्या अर्थशास्त्रवाल्यांपैकी झाडीपट्टीत कोणाला मिळाली?"

एका मंडळाच्या अध्यक्षांनी मला हिशेब समजावला. "हे पाहा सर, धान चुरून झाला, केंद्रावर मोजला. औंदा साध्या धानाचा हमीभाव क्विंटलले २३०० रुपये. चुकारे खात्यात पडले का मंडप गच्च. चुकारे अडकले का समोरच्या खुर्च्यांवर आमीच बसतो." मी भारावून गेलो. दिल्लीत राष्ट्रीय उत्पन्नाचा तिमाही अंदाज तिमाही संपून दोन महिने उलटल्यावर येतो. इथे खुर्च्या मोजल्या की त्याच रात्री.

या भागाची गंमत अशी, की लोक वेळ घड्याळाने मोजत नाहीत आणि तांदळाला मात्र घड्याळाचं नाव देतात. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये आपल्या धानात काही वेगळी लोंबं हेरली आणि जपून वाढवली. त्यातून निघालेलं वाण बाजारात एचएमटी झालं, कारण तेव्हा त्या घड्याळांची चलती होती. घड्याळांचा कारखाना बंद पडला, तांदूळ अजून चालतोय. टिकाऊ वस्तू कोणती, हा मावशीचा प्रश्न मला तिथे पुन्हा आठवला.

तर खुर्च्या मोजायला मी डिसेंबरच्या एका रात्री मंडपात गेलो. दहा वाजले होते. थंडी अशी, की आकडे लिहिताना पेनच गोठत होतं. नाटकाआधी उद्घाटन असतं आणि उद्घाटनाला पाहुणे लागतात. त्या दिवशी एक पाहुणा आला नव्हता. वही हातात घेऊन खुर्च्या मोजणारा मी अध्यक्षांना दिसलो आणि ध्वनिक्षेपकावरून घोषणा झाली, "नागपूरहून आलेले थोर अर्थतज्ज्ञ!" शाल आली. नारळ आला. मग माइक आला. समोर दीड-दोन हजार माणसं ब्लँकेटात गुरफटून नायिकेची वाट बघत होती आणि मी त्यांना सांगत होतो, की कृषी क्षेत्राचा वाटा आणि सेवा क्षेत्राचा वाटा यांत एक संरचनात्मक बदल... पहिली शिट्टी 'संरचनात्मक' वर आली. दुसरी 'बदल' वर. तिसऱ्या शिट्टीला अध्यक्षांनी माइक काढून घेतला आणि सद्गदित होऊन जाहीर केलं, "सरांनी आपल्या मंडळाले ५०१ रुपये दिले हाय!"

मी दिले नव्हते. त्यानंतर दिले.

नाटक पहाटेपर्यंत चाललं. दुसऱ्या अंकात सावत्र सासूने विष कालवलं तेव्हा बायको हुंदके देत होती आणि मी खुर्च्या मोजत मोजत शेजारच्या आजोबांच्या खांद्यावर झोपलो होतो. जागा झालो तेव्हा सकाळ, मंडप रिकामा, माझ्यावर कोणाचं तरी घोंगडं आणि वहीत शेवटची नोंद: 'रांग क्र. ९, खुर्च्या ४'. अहवालात मी 'तेजी' लिहिलं. पुराव्यादाखल शाल जोडायची माझी इच्छा होती.

फॉर्ममध्ये 'ग्राहकांच्या वर्गवारी'चा एक रकाना होता, तो मात्र रिकामा सोडावा लागला. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत आला आणि राहिला. कापणीला आलेला धान ते रात्री खातात, घरात साठवलेल्या मोहाच्या वासाने भिंत पाडतात. एका गावात मी विचारलं, औंदा धान कोणाला विकला? शेतकरी शांतपणे म्हणाला, "अर्धा महामंडळाले, अर्धा हत्तीले. हत्तीचा चुकारा बाकी हाय." त्याच्या नुकसानीचा पंचनामा झाला होता. बोलताना तो हसला नाही, म्हणून मीही हसलो नाही.

तिसरी तिमाही, जानेवारी ते मार्च. रोवणीच्या त्याच गावात पुन्हा गेलो. या वेळी गमबूट घालून आणि फॉर्म प्लास्टिकच्या पिशवीत. गाव बंद होतं. दाराला कुलूप, दुसऱ्या दाराला कुलूप, तिसऱ्या दारात कोंबडी. आजी ओट्यावर ऊन खात होती.

"माणसं कुठे गेली?"

"मिरचीवर."

दरवर्षी धान निघाला की या दोन जिल्ह्यांतून माणसांनी भरलेल्या गाड्या तेलंगणाकडे मिरची तोडायला जातात. खम्मम, वरंगलच्या शिवारात पालं ठोकून राहतात आणि होळीच्या आसपास परततात. मावशी गेली होती, नवरा गेला होता. पोरगा शाळेसाठी आजीजवळ होता. काहींची पोरं शाळा सोडून सोबत जातात. मी गावात फिरून मिळतील तेवढ्यांना रोजगाराचे प्रश्न विचारले. पाच म्हातारे, तीन म्हाताऱ्या. काम शोधताय का? नाही. काम मिळालं तर कराल का? एक म्हातारा म्हणाला, "कोनतं? तुमचं?" व्याख्येप्रमाणे बेरोजगार तो, जो काम शोधतो किंवा करायला तयार असतो. त्या दिवशी त्या गावात असा एकही नव्हता. मी प्रामाणिकपणे लिहिलं: बेरोजगारीचा दर शून्य.

संपादक इतके खूश झाले, की त्यांनी तेच मथळ्यात घेतलं. गाव रिकामं होऊन बेरोजगारी संपवण्याचा हा उपाय आपण शोधून काढला, या जाणिवेने मी दोन दिवस कोणाशी बोललो नाही.

मार्चअखेर मावशी परतत असल्याचं कळलं म्हणून चूक दुरुस्त करायला गेलो, तर गाडी उतरतच होती. पोतीच्या पोती लाल मिरची. मी म्हटलं, हात लावतो. पोतं खांद्यावर घेतलं, त्याची शिवण उसवलेली होती. पुढचा अर्धा तास मी शिंकत होतो. शिंकांच्या मध्ये प्रश्न विचारत होतो आणि मावशी शिंका संपायची वाट पाहून उत्तरं देत होती. मजुरीचे पैसे उसनवारी फेडण्यात गेले. मिरची वर्षभर घरी पुरेल. "आमची एफडी होय जी ही," ती पोत्यावर थाप मारून म्हणाली. आणखी एक शिंक.

चौथी तिमाही, एप्रिल ते जून २०२५. चंद्रपुरात पारा ४५ च्या पुढे. शहाणा माणूस घरात कूलरसमोर बसतो आणि वीज केंद्राची तिमाही सुधारतो. मी तेंदूच्या फळीवर, म्हणजे पानं गोळा होतात तिथे, गेलो. गेल्या तिमाहीचं शून्य मनातून जात नव्हतं. म्हटलं, या खेपेला विचारायचं नाही, करून बघायचं.

तेंदूपानांचा हंगाम मे महिन्यातले जेमतेम काही आठवडे. पहाटे जंगलात जायचं, कोवळी अखंड पानं तोडायची, उन्हं चढायच्या आत परतायचं, सावलीत बसून पुडकी बांधायची. एका पुडक्यात ७० पानं. हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी. म्हणजे एका गोणीत ७०,००० पानं. आणि प्रत्येक पान कोणीतरी वाकून तोडलेलं, हाताने मोजलेलं. एकेकाळी ठेकेदार सांगेल तो भाव असे. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर चित्र पालटलं. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश धानोऱ्याजवळच्या मेंढा (लेखा) गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती देऊन गेले. आता अनेक ग्रामसभा तेंदूचा लिलावही स्वतःच करतात. फॉर्मात 'या भागातील प्रमुख कंपन्या' असा रकाना होता. मी तिथे 'ग्रामसभा' लिहिलं. संपादकांनी फोन करून विचारलं, "ही ग्रामसभा प्रायव्हेट लिमिटेड की पब्लिक?" मी म्हटलं, "पब्लिक. पूर्ण पब्लिक."

पहाटे चारला मावशीसोबत निघालो. सगळे एकत्र, आवाज करत, एकमेकांना हाका मारत. मला वाटलं, उत्साह. मावशी म्हणाली, "वाघाले कराले पाह्यजे ना, आमी आलो म्हून." त्याच महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ताडोब्यात वाघ दिसावा म्हणून लोक पैसे मोजतात. तेंदूच्या रानात तो दिसू नये म्हणून देवाला नारळ कबूल करतात. पहिला खर्च पर्यटनाच्या उत्पन्नात येतो. दुसऱ्याला फॉर्मात जागा नव्हती. त्या पहाटे मी एकही विनोद केला नाही, पण हाका सगळ्यात मोठ्याने मीच मारल्या.

तीन तास वाकून मी जी पानं गोळा केली, त्यातली निम्मी मावशीने बघताक्षणी टाकून दिली. एक जून, एक फाटकं, एक तेंदूचं नव्हतंच. उरलेल्या पानांतून मी सावलीत बसून एक पुडकं बांधायला घेतलं. सत्तरपर्यंत मोजायचं, दोऱ्याने आवळायचं, इतकं सोपं. दोनदा दोरा सुटला, एकदा मोजणी चुकली, एकदा शेजारचीने भाव विचारला आणि मी आकडा विसरलो. शेवटी तासाभराने पुडकं झालं. छाती फुगवून मी ते फळीवर नेलं. तिथे मुनशीशेजारी बसून नववीतला एक मुलगा पुडकी तपासत होता. माझं पुडकं हातात घेतलं, बोटाने कडा झरझर चाळल्या आणि परत केलं.

"सर, सहासष्टच हाय."

"मोजलीस कुठे तू?"

"हाताले करते."

मी मोजली. सहासष्ट होती. मागून मावशी म्हणाली, "माहा पोट्टा होय जी. तिमाहीत गणितात नापास झाला होता ना, तो."

चौथा अहवालही लगेच पाठवला. लगोलग संपादकांचा निरोप आला. चारही अहवाल चांगले आहेत, पण आकडे फार वरखाली होतात, वाचक गोंधळतील. मोठ्या देशांत करतात तसं हंगामी परिणाम वगळून पुन्हा पाठवा. मानधन त्यानंतरच्या तिमाहीत.

मी कूलरसमोर बसून वजाबाकीला लागलो. मोह वजा. तेंदू वजा. रोवणी, कापणी, धानाचे चुकारे वजा. मंडई वजा, नाटक वजा, शालीसकट. मिरची वजा. ताडोब्याचे बंद-उघडे दरवाजे वजा. पावसाने भरलेल्या खाणी, कूलरची वीज वजा. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, तेही वजा. हंगाम वजा जाता जो आलेख उरला, तो एक सरळ आडवी रेघ होता. फक्त जुलैला आणि जानेवारीला बारीकशी पायरी.

बायकोने मागून वाकून पाहिलं. "हा तर तुमचा पगार आहे," ती म्हणाली. "पायऱ्या महागाई भत्त्याच्या."

तिचं म्हणणं बरोबर होतं. दोन जिल्ह्यांत हंगामाशी काहीही देणंघेणं नसलेला व्यवहार मला एकच सापडला, तो माझा स्वतःचा. पाऊस आला, गेला, धान पिकला, हत्तींनी खाल्ला, वाघ दिसला, नाही दिसला, माझी रेघ सरळ. वर्षभर मी ज्या नाडीवर बोट ठेवून फिरलो, ती माझीच होती, आणि तिच्यात ठोका नव्हता.

कागद आवरताना प्लास्टिकच्या पिशवीत एक कोरा फॉर्म निघाला. सोळातल्या वाचलेल्या तिनांपैकी, कडांना अजून बांधीचा चिखल. म्हटलं, हिशेब पुरा करावा. नाव लिहिलं, वय लिहिलं, टिकाऊ वस्तूंपुढे 'मिरची (मावशीची)' लिहिलं. मग तिसरा प्रश्न आला. गेल्या सात दिवसांत तुम्ही किमान एक तास काम केलं का?

कॉलेजला सुट्टी होती. पण तेंदूच्या फळीवर त्याच आठवड्यात मी तासभर पुडकं बांधलं होतं. ठणठणीत तासभर. मी 'होय' वर खूण केली.

मग आठवलं. चार पानं कमी होती. पुडकं परत आलं होतं.

खूण खोडली.